धुण्याच्या दगडापाशी उगवलेला माड

आमच्या परसात चार माड होते. तीन लावलेले आणि एक आपोआप उगवलेला. लावलेल्या तिन्ही माडांना मालक होते: एक अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक धाकट्या काकांचा आणि एक माझ्या भावाचा. आमच्या घरात मुलगा झाला की बाराव्या दिवशी परसात नारळाचं रोप लावायचं आणि त्याची नाळ त्या खड्ड्यात पुरायची, अशी रीत होती. रोप जगलं की मुलगा जगतो, झाड वाढलं की मुलगा वाढतो. मुलीसाठी काही पुरत नसत. मुलगी दुसऱ्याच्या परसात जायची, तिच्यासाठी खड्डा कोण खणणार? मी कुठेच गेले नाही हा भाग वेगळा.

चौथा माड धुण्याच्या दगडापाशी होता. आईने एकदा कुजका निघालेला नारळ तिथे भिरकावला आणि विसरून गेली. साबणाच्या पाण्यावर, खरकट्यावर, आमच्या सगळ्यांच्या कपड्यांतल्या घाणीवर तो फुटला. मी सहा-सात वर्षांची असेन. मी जाहीर केलं की हा माझा. अप्पा हसले आणि म्हणाले, "असूं दे. कोणी लावला नाहीं तो तुझा." ते चिडवत होते, पण मी ते जन्मभर लक्षात ठेवलं. लक्षात ठेवण्याच्या बाबतीत मी अप्पांचीच मुलगी आहे.

आम्ही कुंभकोणमचे मराठे, म्हणजे महाराष्ट्रातून कधीकाळी तमिळ मुलखात आलेल्या लोकांचे वंशज. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याला शिकायला गेले तेव्हा माझं मराठी ऐकून वसतिगृहातल्या मुली तोंडावर हात ठेवून हसत. एकीने विचारलं होतं की तुमच्याकडे अजून घोड्यावरून जातात का. तिथे मी लिहिण्याचं मराठी शिकले, सूक्ष्मजीवांचं काम शिकले आणि आई आजारी पडल्यावर परत आले. आई गेली तरी मी राहिले. बसने तासाभरावर शेतीसंशोधनाचं एक सरकारी केंद्र आहे, तिथे तंत्रज्ञ म्हणून लागले. भाऊ तोवर परदेशात स्थायिक झाला होता. अप्पांना स्वयंपाक मी करून घालायची, डोळ्यांत थेंब मी घालायची, आणि शेजारी आले की अप्पा त्यांना परसात नेऊन भावाचं झाड दाखवायचे.

मग काकांच्या माडाला रोग लागला. आमच्या भागात त्याला वाडल् म्हणतात, सुकत जाणं. जमिनीतली एक बुरशी मुळांतून शिरते. बुंध्याशी साल तडकते आणि तांबूस-काळपट चीक गळायला लागतो. खालच्या झावळ्या पिवळ्या पडून खोडाला चिकटून लोंबतात, वरचा शेंडा बारीक होत जातो. बुंध्याशी अळंबी उगवली की समजायचं, आत काही उरलेलं नाही. काकांचं झाड चैत्रात गळायला लागलं आणि आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, काका चेन्नईत हृदयविकाराने गेले. साखरेने पोखरलेला, दिवसाला दोन पाकिटं ओढणारा माणूस. पण अप्पांना डॉक्टरांनी सांगितलेलं कारण नकोच होतं. त्यांच्याकडे कारण होतं, परसात उभं.

दुसऱ्या वर्षी भावाच्या माडाच्या बुंध्याशी मला चीक दिसला. बोटाला लावून वास घेतला, आंबूस होता. मी अप्पांना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि तसेच वाकलेले राहिले. त्यांना धरून उठवावं लागलं. आपल्या वडिलांना इतकं घाबरलेलं मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाच राग आला.

"कांहीं कर," ते म्हणाले. "तूं शिकली आहेस कीं."

माझ्या शिक्षणाचा त्यांच्या तोंडून झालेला हा पहिला उल्लेख.

करण्यासारखं होतंही. तीन माडांमध्ये, एकाच मातीत, धुण्याच्या दगडापाशी माझा माड उभा होता, आणि त्याला काही झालं नव्हतं. काकांच्या झाडाची मुळं त्याच्या मुळांत गुंतलेली होती, म्हणजे बुरशी त्याच्या दाराशी जाऊन आली असणार. आमच्या केंद्रात तेव्हा झाडांच्या आत राहणाऱ्या जिवाणूंवर काम चाललं होतं. लोकांना वाटतं जिवाणू म्हणजे रोग. पण निरोगी झाडाच्या मुळांत, खोडात, पानांतही जिवाणू मुक्कामाला असतात. झाड त्यांना राहू देतं आणि खाऊ घालतं. त्यांच्यातले काही बुरशीच्या आधी जागा अडवून बसतात, काही तिला मारणारा रस सोडतात, काही झाडाला सतत डिवचत राहतात, म्हणजे शत्रू आला की झाड जागंच असतं. माझा माड कशामुळे वाचला ते मला ठाऊक नव्हतं. शोधता येण्यासारखं होतं एवढंच.

मी त्याची मुळं आणली. आतले जिवाणू काढायची पद्धत निर्दय आहे. मूळ धुवायचं, मग स्पिरिटमध्ये बुडवायचं, मग कपडे पांढरे करायच्या द्रावणात, पुन्हा स्पिरिट, पुन्हा पाणी. बाहेरचं सगळं मेलं पाहिजे. शेवटचं धुतलेलं पाणी वेगळ्या बशीत पसरून बघायचं, त्यात काही उगवलं तर तुमचं मारणं कमी पडलं. त्यानंतर मूळ वाटून त्याचा रस खळीसारख्या गोठवलेल्या खाद्यावर पसरायचा. दोन दिवसांनी ठिपके उगवतात. जे आत होतं तेवढंच.

माझ्या माडाच्या मुळांतून पाच प्रकारचे ठिपके निघाले. भावाच्या झाडाच्या चिकातली बुरशी बशीच्या मधोमध ठेवली आणि बाजूला एकेक जिवाणू. चार बशांत बुरशी त्यांच्यावरून पांघरुणासारखी पसरत गेली. पाचव्या बशीत ती मध्येच थांबली. मधली पट्टी स्वच्छ राहिली, बोटभर रुंद. मी ती बशी खिडकीपाशी नेऊन कितीदा पाहिली सांगता येणार नाही. एका बशीवरून झाड वाचत नसतं, हे मला कळत होतं. तरी मला खात्री वाटली. कुजक्या नारळाच्या झाडाने राजपुत्राच्या झाडाला वाचवायचं होतं, आणि ते मला फार आवडलं.

तो जिवाणू मी वाढवला, थोडा बारा कुप्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवला आणि बाकीचा प्लास्टिकच्या कॅनमधून घरी आणला. मंगळवार होता. माडाला औषध मुळातून पाजतात. शिसपेन्सिलीएवढं जिवंत मूळ उकरून तिरपं कापायचं, औषधाच्या पिशवीत बुडवायचं आणि तोंड दोरीने बांधायचं. झाड एका दिवसात पिऊन टाकतं. मी हे सगळं अप्पांना समजावलं. ते पितळी डबऱ्यात, म्हणजे टंबलरखालच्या वाटीत, कॉफी गार करत बसले होते.

"काय खातात तीं?" त्यांनी विचारलं.

साधं उत्तर देता आलं असतं. खोबरं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण बसमध्ये तासभर तो कॅन मी मांडीवर घेऊन आले होते, आणि त्यांनी मला कॉफी विचारली नव्हती.

"मांसाचा अर्क," मी म्हटलं.

"कोणच्या जनावराचें?"

"बाटलीवर लिहिलें आहे. वाचूं?"

"नक्को."

ते उठले, पाय धुऊन आले. मग शांतपणे म्हणाले, "धुण्याचें पाणी पिणाऱ्या झाडांतले किडे. तेंही मांसावर वाढवलेले. तें माझ्या लेकाच्या झाडांत घालावयास आणलेंस. तुज झाड नाहीं, तुज कशास कळेल."

तुज झाड नाहीं. आमच्या घरात याहून वाईट बोलता येत नाही. मूल नाही, नवरा नाही, भाऊ विचारत नाही, हे सगळं त्यात येतं. मी तिथेच उभी राहिले. अप्पांनी देवघरातली तांब्याची कळशी आणली. आमच्याकडे सोवळ्याला मडी म्हणतात, आणि जे मडी नाही ते तांब्यात ठेवून शुद्ध करतात. आई बाजारातून आलेलं दूधसुद्धा आधी तांब्याच्या पळीने ढवळायची. त्यांनी कॅन नाकापासून लांब धरून सगळं कळशीत ओतलं, वर तुळशीची चार पानं टाकली आणि झाकण ठेवलं.

"तीन दिवस राहूं दे. शुक्रवारीं देऊं, चांगला दिवस आहे."

तांब्याने जिवाणू मरतात. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. शेतकरी पिकांवर जी निळी पूड फवारतात ती तांब्याचीच. तीन दिवस म्हणजे फार झाले, एका रात्रीतही पुष्कळ काम झालं असतं. "अप्पा, काचेच्या बरणीत ठेवा," एवढंच म्हणायचं होतं. मी कळशीकडे पाहिलं, अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी भात लावायला आत गेले.

बुधवारी सकाळी ते देवदर्शनाला गेल्यावर मी कळशीतला थेंबभर रस बाटलीत घेतला. केंद्रात जाऊन बशीवर पसरला. शुक्रवारी पहाटेच्या बसने जाऊन पाहिलं. बशी कोरी होती. तुळशीच्या पानावरूनसुद्धा काही आलं नव्हतं. मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. मी बशी गरम पाण्याच्या भांड्यात टाकली आणि नऊच्या आत घरी परत आले, कारण चांगली वेळ साडेनऊला होती.

पापनाशम्‌हून माडावर चढणारा माणूस आला होता. त्याने मुळं उकरली. अप्पांनी कळशीतलं पाणी पिशव्यांत भरलं. ते किंचित हिरवट दिसत होतं. त्यांनी बुंध्याला हळदकुंकू लावलं, कापूर दाखवला, आणि हात जोडून भावाचं पूर्ण नाव घेतलं, गोत्रासकट. दोरी मी धरली होती. एकेक तुकडा मीच कापून देत होते. सहा पिशव्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या रिकाम्या होत्या, झाडाने थेंब ठेवला नव्हता. अप्पांनी पिशव्या उलट्या करून मला दाखवल्या. लहान मुलाने ताट स्वच्छ केल्यावर दाखवावं तसं.

झाड आठ महिने मरत होतं. अप्पा रोज सकाळी झावळ्या मोजायचे आणि आकडा मला सांगायचे. मी पोळी लाटत ऐकायची. माझ्या फ्रीजरमध्ये बारा कुप्या होत्या, पाहिजे तेव्हा पुन्हा वाढवता आलं असतं. दर आठवड्याला वाटायचं, या आठवड्यात सांगू. मग ते एखादं वाक्य बोलायचे आणि आठवडा पुढे जायचा. बुंध्याशी पहिली अळंबी आली त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की आता सांगून उपयोग नाही. ते खरंही होतं.

शेंडा गळून पडला तेव्हा अप्पा जेवले नाहीत. संध्याकाळी ओसरीवर बसून म्हणाले, "तुझ्या झाडानें खाल्लें त्यास. आंतले किडे काढून तूं ह्यास पाजलेस. तें झाड अजून ताठ आहे, बघ."

त्या वेळी सांगून टाकायला हवं होतं, की तुमच्या लेकाच्या झाडाला माझ्या झाडातलं काहीच मिळालं नाही, मिळालं ते तुमचं तांबं. पण मग पुढचा प्रश्न आला असता: तुज केव्हां कळलें? तो प्रश्न मला नको होता. म्हणून मी दुसरं काही केलं. भावाला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन अप्पांच्या शेजारी ठेवला. मला ठाऊक होतं काय होणार ते. म्हणूनच लावला.

"अप्पा बरे नाहींत," मी म्हटलं. "तुझें झाड गेलें."

पलीकडे गाडीचा आवाज येत होता. भाऊ तमिळमध्ये म्हणाला, "कुठलं झाड?"

"तुझा माड. परसांतला."

"ओ, नारळ. मग तोडून टाका ना, कुणाच्या डोक्यावर पडेल. अप्पांना दे फोन, नाही तर राहू दे, मी मीटिंगला पोचतोय."

भाऊ ठणठणीत होता. झाड मेलं आणि तो मेला नाही, ही आनंदाची बातमी होती खरं तर. अप्पांनी ती आनंदाने घेतली नाही. त्यांनी फोन उचलून उलटा ठेवला. मी डबरा-टंबलर घेऊन घासायला गेले, आणि घासताना गुणगुणत होते. ते त्यांना ऐकू गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतले तर परसात खूप उजेड होता. आमच्या परसात इतका उजेड कधी नसतो. भावाचा आणि माझा, दोन्ही माड आडवे पडले होते. भावाच्या खोडातून कुजका भुसा सांडला होता. माझं खोड आतून पांढरं, ओलं, गच्च होतं. शहाळी घडासकट धुण्याच्या दगडावर आपटून फुटली होती आणि दगड चिकट झाला होता. माडावर चढणारा माणूस मला टाळून कुऱ्हाड पुसत होता. मी त्याला तमिळमध्ये विचारलं, हिरवं झाड का तोडलंस. तो ओसरीकडे बोट दाखवून म्हणाला, "अय्या म्हणाले दोन्ही. मी दोनदा विचारलं."

अप्पा ओसरीवर सुपारी कातरत होते. "कोणी लावला नव्हता तो," ते म्हणाले.

त्यानंतर आम्ही एका घरात दोन वर्षं राहिलो. डोळ्यांत थेंब मी घालतच होते. शेजारणी म्हणायच्या, अशी मुलगी मिळायला पुण्य लागतं. पट्टीश्वरम्‌च्या देवळात आम्ही एकत्र जायचो, रांगेत त्यांना हात द्यायची. घरी आल्यावर मीठ हवं आहे का, यापलीकडे बोलणं नव्हतं. केंद्रात माझ्या कुप्यांना एक क्रमांक मिळाला, दुसऱ्या कुणीतरी त्या जिवाणूवर काम सुरू केलं, कुंड्यांतल्या रोपांवर तो चांगला चालला. कुठल्या झाडातला, असं वहीत लिहायला त्यांनी मला विचारलं. मी लिहिलं, झाड अस्तित्वात नाही.

या वर्षी पोंगल झाल्यावर एका सकाळी अप्पा परसातून लवकर आत आले. बोटाला तांबूस चीक लागला होता. त्यांनी बोट माझ्यासमोर धरलं. काकांचा माड कधीच गेला होता, परसात आता एकच उरला होता, त्यांचा. त्यांच्या बाराव्या दिवशी त्यांच्या वडिलांनी लावलेला.

"तें औषध आहे कां अजून?" त्यांनी विचारलं.

"झाड तोडलेंत कीं तुम्ही."

"सरि, बरें," ते म्हणाले, आणि बोट धुवायला गेले. वाद घातला नाही, त्यामुळे मला झोप लागेना. तीन दिवस त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. शर्टातून खांद्याची हाडं दिसत होती. शेवटी एक कुपी काढली, वाढवली, आणि कॅन मांडीवर घेऊन बसने घरी आणला. काकांसारखं होऊ नये असं मला वाटत होतं. खरोखर वाटत होतं, बसमध्ये तरी.

त्यांनी ओसरीवर दोन भांडी मांडून ठेवली होती. एक तांब्याची कळशी, चिंचेने घासून लखलखीत केलेली. तिच्या शेजारी लोणच्याची रिकामी काचेची बरणी. कॅन मी खाली ठेवला. त्यांनी झाकण काढलं, आणि थांबले.

"कशांत ओतूं?" ते म्हणाले. "ह्या वेळीं तूं सांग."

मी बरणीकडे पाहिलं.

"त्या वेळीं तूं कळशीकडे बघत उभी होतीस," अप्पा म्हणाले. "कांहीं तरी चुकतें आहे हें तुझ्या तोंडावर दिसलें मज. मी वाट पाहिली तूं सांगशील म्हणून."

"विचारलें कां नाहींत?"

"तुज तोंड होतें कीं."

म्हणजे तेही तीन दिवस गप्प होते. लेकाच्या जिवापेक्षा मला विचारणं त्यांना जड गेलं होतं. मग माझं झाड त्यांनी तोडलं ते कशासाठी, हे मी विचारलं नाही. ते वाट पाहत होते, कॅन दोन्ही हातांत धरून. मागे परसात धुण्याचा दगड उन्हात पडला होता. त्याच्यावर आता सावली नाही.

"कळशींत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग कॅन तिरपा केला आणि कळशीत ओतायला लागले, हळूहळू, थेंब न सांडता. मी दोरी आणायला आत गेले.